जड उंदरांचा श्वास मोजताना : सोळा पिंजऱ्यांच्या श्वसनमापन यंत्रणेचे परीक्षण

वाढीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले उंदीर आणि त्याच मूळ कळपातून आलेले, पण कोणतीही निवड न करता जोपासलेले उंदीर, यांच्या ऊर्जेच्या जमाखर्चात फरक नेमका कुठे पडतो, या एका प्रश्नासाठी आम्ही सोळा पिंजऱ्यांची श्वसनमापन यंत्रणा घेतली. ती दोन वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अखंड चालू आहे, आणि तिच्याबद्दल काही ठाम मते आता माझ्याजवळ आहेत. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या जातीच्या सगळ्याच यंत्रणांमध्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात. खरेदीचा निर्णय घेणाऱ्याला नाव कळण्यापेक्षा, विकत घेण्यापूर्वी काय तपासून पाहावे हे कळणे जास्त उपयोगाचे आहे.

यंत्रणेची परीक्षा ज्या कामावर झाली ते काम आधी सांगायला हवे. वजन हा मोजायला सर्वांत सोपा गुण. ठरावीक वयाला पिल्ले तोलायची, त्यांतील जड निवडायची, त्यांच्यापासून पुढची पिढी घ्यायची, आणि हेच वर्षानुवर्षे करत राहायचे. गुडेल यांनी १९३० च्या दशकात, मॅकआर्थर यांनी १९४० च्या दशकात आणि फाल्कनर यांनी एडिनबरा येथे १९५० च्या दशकात उंदरांवर हेच केले, आणि प्रत्येक ठिकाणी वजन पिढ्यांगणिक चढत गेले. जर्मनीतील डुमरस्टॉर्फ येथे १९७० च्या दशकात सुरू झालेली निवड तर शंभराहून अधिक पिढ्या चालू राहिली. तिथल्या डीयू-६ या वाणाची निवड ४२ व्या दिवसाच्या वजनावर होते, आणि त्या वयाचा हा उंदीर निवड न केलेल्या उंदराच्या दुपटीहून अधिक भरतो. निवडणाऱ्याने केवळ वजन पाहिले. पण वजनाबरोबर भूक, चरबी, इन्शुलिन, अंगातून निघणारी उष्णता हे सगळे नकळत निवडले गेले. त्यातले काय किती निवडले गेले हे तराजू सांगू शकत नाही. तिथून या यंत्रणेचे काम सुरू होते.

जास्तीचे वजन कमावण्याचे मार्ग मोजकेच आहेत. उंदीर जास्त खाईल, किंवा कमी जाळेल, किंवा ज्या ऊतीत वजनाच्या मानाने ऊर्जा कमी लागते ती ऊती वाढवील. वेगवेगळ्या वाणांनी वेगवेगळे मार्ग धरलेले दिसतात, आणि हीच या विषयाची खरी श्रीमंती आहे. तीन ते सहा आठवड्यांतील वजनवाढीवर निवडलेला एम-१६ हा वाण भरपूर खातो, लठ्ठ होतो आणि त्याच्या रक्तात इन्शुलिन चढलेले असते. उलट कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे वजनवाढीसाठीच निवडलेल्या एका वाणात आपोआप उद्भवलेला जनुकीय बदल असा निघाला की उंदीर ३० ते ५० टक्क्यांनी मोठा होतो, पण लठ्ठ होत नाही. तिथे दहाव्या गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला असतो आणि त्याबरोबर सॉक्स-२ हे जनुक जाते. वाढीच्या संप्रेरकाच्या संदेशाला आवर घालणे हे त्या जनुकाचे काम. आवर सुटला की सांगाडा, स्नायू, अवयव सगळेच वाढते. तराजूवर हे दोन्ही उंदीर ‘जड’ याच एका रकान्यात बसतात. त्यांना वेगळे ओळखणे ही आमची यंत्रणेकडून अपेक्षा होती.

आता यंत्रणेकडे. प्रत्येक पिंजऱ्यातून ठरावीक वेगाने हवा ओढली जाते. आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या फरकावरून उंदराने किती ऑक्सिजन वापरला हे निघते. आणि वीअर यांच्या १९४९ च्या सूत्राने, म्हणजे लिटरभर ऑक्सिजनमागे ३.९४ आणि लिटरभर कार्बन डायऑक्साइडमागे १.११ किलोकॅलरी धरून, उष्णता काढली जाते. वायुमापनाच्या बाबतीत ही यंत्रणा उत्तम आहे, हे मी हातचे न राखता लिहितो. आम्ही दर महिन्याला एका रिकाम्या पिंजऱ्यात लहानसा स्पिरिटचा दिवा जाळतो. शुद्ध इथाइल अल्कोहोल जळताना तीन भाग ऑक्सिजन जातो आणि दोन भाग कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून पडद्यावरचे श्वसनगुणोत्तर, म्हणजे बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन, ०.६७ च्या आसपास यायलाच हवे, आणि जळालेल्या अल्कोहोलच्या वजनाशी ऑक्सिजनचा हिशेबही जुळायला हवा. दिव्याची निळसर ज्योत स्थिर झाली की दहा-पंधरा मिनिटांत आकडा जागेवर येतो आणि तिथेच राहतो. वर्षभराच्या वापरानंतरही, सेन्सर नव्याने जुळवल्यावर, या चाचणीने आम्हाला निराश केलेले नाही.

याच गुणोत्तराने वेगाने वाढणाऱ्या पिल्लांमध्ये फार सुंदर गोष्ट दाखवली. केवळ चरबी जळत असेल तर ते ०.७ असते, केवळ कर्बोदके जळत असतील तर १. पण खाल्लेल्या कर्बोदकांची शरीर चरबी बनवू लागले की ते १ च्याही वर जाते, कारण त्या रूपांतरात कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि त्या मानाने ऑक्सिजन लागत नाही. पाच आठवड्यांच्या जड पिल्लांच्या रात्रीच्या आलेखात रेषा १ ओलांडून तासन्‌तास वर राहते आणि पहाटे उतरते. तुलनेच्या, म्हणजे निवड न केलेल्या, वाणात ती वर टेकून लगेच खाली येते. चरबी साठताना प्रत्यक्ष पाहण्याचा एवढा थेट मार्ग, प्राण्याला हातही न लावता, दुसरा नाही.

मात्र याच आलेखाने एकदा आम्हाला पूर्ण चकवले होते, आणि ही चूक कुणाचीही होऊ शकते म्हणून ती सविस्तर सांगतो. काही आठवडे असे गेले की जड वाणाचा ऑक्सिजनचा वापर वाढलेला आणि श्वसनगुणोत्तर घसरलेले दिसू लागले. म्हणजे जड उंदीर अचानक जास्त जाळत होते आणि तेही चरबी! वाढत्या वयाच्या प्राण्यात हे पटण्यासारखे नव्हते. दोष निघाला ओलावा शोषणाऱ्या नळीत. हवेतली वाफ काढण्यासाठी बसवलेले कण आतून केव्हाच संपृक्त झाले होते, पण नळीच्या दर्शनी बाजूचा रंग अजून कोरड्या कणांचा होता. हवेत वाफ राहिली की ती ऑक्सिजनची जागा घेते. एक टक्का वाफेने २०.९५ टक्के ऑक्सिजन सुमारे ०.२ टक्क्याने कमी भरतो. आणि उंदराच्या श्वासामुळे पडणारा सगळा फरकच टक्क्याच्या अर्ध्याच्या आगेमागे असतो. यातली सर्वांत घातक बाब पुढे आहे. मोठा उंदीर जास्त पाणी पितो, जास्त मूत्र करतो, जास्त वाफ सोडतो. त्याचा पिंजराच मुळात जास्त दमट असतो. म्हणजे ही चूक दोन्ही वाणांना सारखी लागली नाही. आम्ही ज्या फरकाच्या शोधात होतो त्याच दिशेने ती झुकली. शेवटी एका रिकाम्या पिंजऱ्यात ओल्या कापसाचा बोळा ठेवला, आणि यंत्रणेने त्या बोळ्याचा ऑक्सिजनचा वापर नोंदवला. ते सहा आठवड्यांचे आकडे आम्ही टाकून दिले. पुरवठादाराच्या सेवाकेंद्राने कण वेळेत बदलले नाहीत असे सांगून हात वर केले, पण वाफ स्वतंत्रपणे मोजणारा सेन्सर मूळ संचातच असायला हवा होता, असे माझे आजही स्पष्ट मत आहे. नवी यंत्रणा घेणाऱ्याने तो असल्याशिवाय सही करू नये.

तापमान राखणारे कपाट हा या संचाचा दुसरा मोठा गुण. उंदीर हा अंगाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असलेला प्राणी; ज्या २२ अंशांना माणूस निवांत असतो तिथे उंदराला ऊब टिकवण्यासाठी बरीच ऊर्जा खर्चावी लागते, आणि त्याच्या तपकिरी चरबीची भट्टी पेटलेली राहते. अंगाला जादा उष्णता निर्माण करावी लागत नाही अशी त्याची सुखाची मर्यादा ३० अंशांच्या आसपास आहे. जड उंदराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने कमी असल्याने त्याला थंडी कमी बाधते. यातून असा प्रसंग येतो की २२ अंशांना मोजलेला दोन वाणांतला फरक निवडीचा म्हणावा की थंडीचा, हे ठरवता येत नाही. शिवाय मोजणीसाठी प्रत्येक उंदीर एकटा ठेवावा लागतो, त्यामुळे एकमेकांना बिलगून ऊब घेण्याची त्याची सोयही जाते. आम्ही प्रत्येक गट २२ आणि ३० अशा दोन्ही अंशांना मोजतो, मध्ये सवयीसाठी दिवस देतो, आणि कपाट ते तापमान रात्रंदिवस चोख राखते. आडव्या फळ्यांवरच्या पिंजऱ्यांत तापमानाचा फरक जाणवण्याइतका नाही, हे आम्ही स्वतंत्र तापमापके ठेवून पाहिले आहे. फक्त ३० अंशांना अतिशय लठ्ठ नरांवर नजर ठेवावी लागते. पोट जमिनीला टेकवून, पाय पसरून ते पडून राहिले तर मोजणी तिथेच थांबवावी.

पिंजऱ्यांचे वाचन एकामागून एक होते, त्यामुळे एका पिंजऱ्याची पाळी पुन्हा येईपर्यंत अर्धा तास जातो. दिवसाच्या एकूण खर्चासाठी हे चालते. धावण्याच्या छोट्या छोट्या झटक्यांचा अभ्यास करणाऱ्याला चालणार नाही.

खाद्याचे माप हा या यंत्रणेचा सर्वांत दुबळा भाग आहे, आणि आमच्या विषयासाठी दुर्दैवाने तोच कळीचा आहे. खाद्याची टोपली झाकणाला टांगलेली असते व तिच्या वजनातली घट म्हणजे उंदराने खाल्लेले अन्न असे धरले जाते. तुलनेच्या वाणातला उंदीर मागच्या पायांवर उभा राहून, पुढच्या पंजांनी गोळी धरून, खालून व्यवस्थित कुरतडतो. जड वाणाच्या दहा आठवड्यांच्या नराला ही टोपली खूप खाली येते: तो उभा राहिला की त्याची पाठ टोपलीला घासते, टोपली हलते, वजनकाटा थरथरतो आणि नोंदीत न खाल्लेले जेवण उमटते. त्याहून वाईट म्हणजे तो गोळीचा मोठा तुकडा तोडून घरट्याखाली नेऊन ठेवतो. एकदा मोजणीनंतर भुसा चाळला तेव्हा त्यातून निघालेला चुरा आणि तुकडे यंत्राने ‘खाल्ले’ म्हणून नोंदवलेल्या खाद्याचा लक्षात येण्याजोगा हिस्सा होते. जड उंदीर जास्त सांडतो की जास्त खातो, हा प्रश्न जिथे उभा राहतो तिथे ‘निवडीमुळे भूक वाढली’ हे विधान करता येत नाही.

सॉफ्टवेअरविषयी मला तळमळीने लिहायचे आहे, कारण यंत्रणेच्या बाकीच्या सगळ्या चांगुलपणावर ते पाणी फिरवू शकते. मोजणी संपताच ते एक नीटनेटका तक्ता देते, आणि त्यात सर्वांत ठळक रकाना असतो दर किलो वजनामागे खर्चाचा. नवा विद्यार्थी तोच उचलतो आणि लिहितो की वाढीसाठी निवडलेल्या उंदरांचा चयापचय मंद आहे. थोडे गणित करून पाहावे. क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांचा मूळ चयापचय वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढतो. एक उंदीर ३० ग्रॅमचा आणि दुसरा ६० ग्रॅमचा असेल, आणि दोघांच्या पेशींत काडीचाही फरक नसेल, तरी या हिशेबाने दुसऱ्याचा खर्च दुप्पट न होता १.६८ पट होईल. वजनाने भागले की तो १६ टक्के ‘मंद’ दिसू लागेल. हा मंदपणा भागाकारातून जन्मलेला आहे. प्राण्यात तो नाही. त्यात भर म्हणजे जड उंदराच्या जास्तीच्या वजनात चरबी असेल तर ती ऊती यकृत, हृदय किंवा मेंदूच्या तुलनेत फारच थोडी ऊर्जा जाळते, पण भागाकाराच्या खाली पूर्ण वजनाने जाऊन बसते. २०१२ साली या क्षेत्रातल्या संशोधकांच्या मोठ्या गटाने उंदरांच्या ऊर्जा-चयापचयाचे विश्लेषण कसे करावे यावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातही साध्या भागाकाराऐवजी वजन व शरीररचना हे सहचल, म्हणजे खर्चासोबत बदलणारे घटक, धरून तुलना करावी असा आग्रह आहे. इतक्या वर्षांनंतरही यंत्राचा पहिला पडदा तोच भागाकार दाखवतो हे मला अस्वीकार्य वाटते. सुदैवाने कच्चे आकडे सहज बाहेर काढता येतात, एकही आकडा लपवलेला नाही. आम्ही प्रत्येक उंदराचे चरबीविरहित वजन वेगळ्या यंत्रावर मोजतो आणि सगळा हिशेब बाहेर करतो. तसे केल्यावर आमच्या दोन वाणांतला खर्चाचा फरक बहुतांशी आकारात विरघळून जातो. आणि जो फरक टिकून राहतो तो खाण्याच्या बाजूला असतो.

तुलना समान वयावर करायची की समान वजनावर, हाही प्रश्न यंत्र सोडवत नाही; तो वापरणाऱ्याने आधी सोडवायचा असतो. समान वय घेतले तर आकार वेगळा येतो. समान वजन घेतले तर जड वाणाचा उंदीर वयाने कोवळा निघतो, त्याच्या शरीरात पाणी जास्त आणि वाढीचे काम ऐन भरात असते. आम्ही दोन्ही करतो, आणि पिंजरे सोळाच असल्याने एका प्रयोगाला महिने लागतात.

साठवणुकीचा हिशेब तर त्याहून नाजूक आहे. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला प्रौढ उंदीर दिवसाला साधारण ५० किलोज्यूल खर्च करतो. एक ग्रॅम चरबीत सुमारे ३९ किलोज्यूल असतात; म्हणजे रोज फक्त ०.१ ग्रॅम चरबी साठवायला दिवसाच्या खर्चाच्या आठेक टक्के शिल्लक पुरते. प्रथिनाच्या ग्रॅममध्ये सुमारे २४ किलोज्यूल असतात, पण स्नायू वाढताना प्रथिनाबरोबर तिप्पट-चौपट पाणी येते, त्यामुळे तराजूवरचा एक ग्रॅम मांस चरबीच्या ग्रॅमपेक्षा फार थोड्या साठवलेल्या ऊर्जेत तयार होतो. चरबी न वाढवता जड होणारा वाण याच मार्गाने काटकसर करतो. पण खाद्याच्या मापात पाच-सात टक्क्यांची चूक असेल तर ‘खाल्ले वजा जाळले’ या वजाबाकीत ही सगळी गोष्ट बुडून जाते. म्हणून साठवणूक यंत्रणेच्या वजाबाकीवरून कधीही काढू नये; काही आठवड्यांच्या अंतराने शरीररचना दोनदा मोजून काढावी, आणि यंत्रणेचा आकडा तिच्याशी पडताळावा.

ऊर्जेच्या खर्चावरच थेट निवड करता येते हे नेब्रास्कातील प्रयोगांनी १९८० च्या दशकापासून दाखवले आहे: तिथे अंगातून निघणारी उष्णता मोजून उंदीर निवडले गेले, आणि जास्त उष्णता टाकणारा वाण जास्त खाणारा, सडपातळ आणि अधिक हालचाल करणारा निघाला. तशी निवड करायची असेल तर एकेका पिढीत शेकडो उंदीर थोड्या वेळासाठी मोजावे लागतात, आणि त्यासाठी ही यंत्रणा चुकीची निवड ठरेल. तिचा एका गटाचा फेराच सवयीच्या दिवसांसह आठवडाभर चालतो. ज्यांच्याकडे वाण तयार आहेत आणि त्यांतील ऊर्जेचा जमाखर्च उलगडायचा आहे, अथवा ज्यांना आहार बदलून पाहायचा आहे, त्यांना मी ती घ्यायला सांगेन. डीयू-६ च्या उंदरांना प्रौढपणी कमी ऊर्जेच्या खाद्यावर आणल्यावर त्यांचे आयुष्य लांबल्याचे प्रसिद्ध झाले आहे; अशा बदलात पहिल्या काही रात्री श्वसनगुणोत्तर कसे वागते हे पाहायला याहून चांगले साधन आमच्या वापरात आलेले नाही.

रुंद तोंडाच्या, उंच टांगता येणाऱ्या टोपल्या करून द्याव्यात, अशी मागणी आम्ही मोजमापांसह केली होती. चार टोपल्या नमुन्यादाखल मिळाल्या आणि जड नरांच्या चार पिंजऱ्यांत बसवल्या आहेत. त्यांच्या खाली चुरा झेलणारी वेगळी तबकडी आहे आणि तिचेही वजन आपोआप नोंदले जाते. काट्याची थरथर थांबली आहे. उरलेल्या बारा पिंजऱ्यांत मात्र रोज सकाळी दिवे लागल्यावर भुसा चाळून, तुकडे वेचून, खाद्य हाताने तोलणे चालू आहे, आणि त्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय यंत्राने दिलेला खाद्याचा एकही आकडा आम्ही वहीत चढवत नाही.